पाचवी फळी

“ही पाचवी फळी कुजलीय,” सून म्हणाली, आणि होडीच्या मालकाने तिच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फळीचं त्याला काही नव्हतं. पण होड्यांच्या या कारखान्यात चाळीस वर्षं लोक आधी त्याच्याकडे पाहत आले होते.

शिडाची ती जुनी होडी खरवडून उघडी केली होती. आता एकेक फळी लाकडी हातोडीने ठोकून ऐकायची, भद्द वाजेल ती बदलायची, मग रंग. हे कसब त्याने मुलाला शिकवायला घेतलं, तर मुलगा ऑफिसात खुर्चीवर जाऊन बसला. आणि जिला कोणी शिकवलं नाही, ती डबा द्यायला येता-येता बघूनच मिस्त्रीण झाली. आताशा गिऱ्हाइकं त्याच्या तोंडावर विचारत, “सूनबाई काय म्हणतात?”

त्याने तिच्या हातातली हातोडी घेऊन फळी ठोकली. हल्ली त्याला सगळ्याच फळ्यांचा आवाज सारखा वाटायचा. लाकूड चांगलं असल्याचीच ती खूण, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

“खणखणीत आहे. रंग लावा,” तो म्हणाला. मालकाने मान डोलावली.

पुढचे दोन दिवस म्हातारा तापाने घरी पडला. तिसऱ्या दिवशी आला, तर सुनेने सगळ्या होडीला करड्या अस्तराचा हात देऊन टाकला होता. फळीबद्दल चकार शब्द नाही. तिचं ते गप्प राहणंच त्याला जास्त बोचलं. स्वतःला शहाणी समजते, दुसरं काय! त्यात मालक येऊन म्हणाला, “हात सफाईदार आहे हो सूनबाईंचा.” झालं! म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने भोक पाडायचं गिरमिट उचललं.

“त्या फळीचा एकदाचा निकाल लागू दे. सगळ्यांसमोर.”

“राहू द्या ना बाबा,” सून पुढे आली. “रंग खराब होईल.”

घाबरली, त्याला वाटलं. फार बरं वाटलं.

सुकाणूपासून वीतभर अंतरावर, तिने दाखवलेल्या त्याच जागी त्याने गिरमिट टेकवून फिरवलं. कुजक्या लाकडात ते लोण्यात गेल्यासारखं गेलं असतं. इथे मनगट दुखायला लागलं.

“वा मिस्त्री!” मालक हसला. “सूनबाई, सासऱ्यांकडून अजून चार गोष्टी शिकून घ्या.”

“हो,” ती खाली बघून म्हणाली.

म्हाताऱ्याने मोठ्या ऐटीत भुसा तळहातावर घेतला. जुन्या होडीचा भुसा चहाच्या चोथ्यासारखा काळपट निघतो. हा पिवळाधमक होता आणि त्याला ताज्या लाकडाचा वास येत होता. त्याने बोट फिरवून नव्या तुकड्याचा सांधा शोधला. सापडेना. असा सांधा उभ्या जन्मात त्याच्या हातून झाला नव्हता. क्षणभर त्याला तिचा मत्सर वाटला. मालकाला यातलं काही कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने मूठ मालकापुढे उघडली.

“फळी कुजकीच होती. माझा शब्द राखायला हिने गुपचूप बदलली,” तो गरजेपेक्षा बराच मोठ्याने म्हणाला. “मला दोन वर्षं झाली, नीट ऐकू येत नाही.”