वाकडी कड

नवऱ्याच्या पाठीवरचा तीळ ती महिनाभर रोज दोऱ्याने मोजत होती. शेवटी त्याला जवळजवळ ओढतच तिने त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे आणलं. त्याला स्टुलावर बसवून बाईंनी तिळावर कॅमेऱ्याचं भिंग टेकवलं, तसा तो समोरच्या पडद्यावर ताटाएवढा दिसू लागला.

"साधा तीळ आहे. घाबरण्यासारखं काही नाही."

"नीट बघा हो डॉक्टर, हात जोडते. ही कड बघा ना, वाकडी आहे," म्हणत तिने पडद्यावर बोट ठेवलं.

बाई तिच्या बोटाकडेच बघत राहिल्या.

"नखातली ही काळी रेघ कधीपासून आहे?"

"ही होय? दारात चेमटलं असेल. वर्ष झालं असेल. तुम्ही यांचं बघा आधी."

बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही उठा जरा. ताईंना बसू द्या."