गोहलपुरातलं सुकाणू

गोहलपुरच्या कारखान्यात जहाजाचं सुकाणू वळवणारं यंत्र तयार झालं, तेव्हा गीतांजलीचा ऊर अभिमानानं भरून आला. तिनं स्वतः कधी समुद्र पाहिला नव्हता. तिच्या हातचं यंत्र मात्र आता समुद्रावर जाणार होतं.

रचना साधीच होती. चाक फिरवलं की पंप नळीतून तेल ढकलतो, तेलाच्या दाबानं दट्ट्या सरकतो आणि सुकाणू वळतं. चाक आणि सुकाणू यांना जोडणारं तेलाशिवाय दुसरं काहीच नसतं.

भर दुपारी तिनं चाक उजवीकडे फिरवलं. समोर टांगलेलं सुकाणू झक्कास वळलं. मात्र हाताला जोर लागत होता, जणू ते हवेत नाही, वाहत्या पाण्यात होतं.

"नथ्थूभैया, बघा तर, एकदम बढिया चालून राहिलं!"

म्हातारा मिस्त्री दारातच थबकला. त्याच्या हातात तेलाचा सीलबंद डबा होता.

"काहून मजाक करता, दीदी? तेल तर मी आत्ता आणून राहिलो."

गीतांजलीनं चटकन चाक सोडलं. सुकाणू थांबलं नाही. ते सावकाश, सराईतपणे डावीकडे वळलं. किती सफाईनं वळतंय, असं त्या भीतीतही तिच्या मनात आलं. आणि तेवढ्यात सुकाणूच्या मागोमाग तिच्यासमोरचं चाक फिरू लागलं.