खडूची टाकी

"रेघेवर पाय देऊ नकोस, तिथे मोठा पाइप आहे," चीफ म्हणाला, तेव्हा त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन एका पायावर उभी होती.

पाइप अजून दुकानातच होता. फरशीवर होती ती नुसती खडूची रेघ. चीफने गुडघ्यांवर रांगत अख्ख्या हॉलभर शार्कची टाकी आखली होती, खऱ्या मापाची. टाकी गोल, कारण कोपरा आला की शार्क तिथे नाक घासून घेतो. मागे वाळूचा फिल्टर, त्याच्या शेजारी पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं नळकांडं, भिंतीलगत दोन पंप. सोफा केव्हाच बेडरूममध्ये गेला होता. जहाजावर तो चीफ इंजिनिअर; तिथल्या इंजिनरूममध्येही असंच आधी जमिनीवर काढून बघायचा आणि मगच पान्याला हात लावायचा.

बायकोने हॉल कुरकुरत दिला होता, पण दिला होता. लग्न झाल्यापासून नवरा थोडे महिने घरी आणि बाकीचे बोटीवर. 'ही शेवटची खेप' हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याची बॅग ती माळ्यावर टाकतच नसे, पलंगाखालीच ठेवी. या वेळी तो येऊन बरेच दिवस झाले होते, आणि एका सकाळी त्याने शार्कचं काढलं. तिने बहिणीला फोनवर सांगितलं, "ह्यांचा समुद्र काही सुटत नाही गं. मग येऊ दे समुद्रच घरात. निदान दोघं माझ्या डोळ्यांसमोर राहतील."

टाकीवाला चपला काढून दाराशीच उभा होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती.

"काका, वाळू आपोआप धुतली जाईल असा व्हॉल्व्ह देतो," तो म्हणाला.

"नको. रोज हाताने उलटं पाणी सोडून धुवायची." चीफने व्हॉल्व्हच्या जागेचा चौकोन पुसला.

"बरं, आटलेलं पाणी तरी आपोआप भरू द्या."

"हाताने."

"आणि फेसाचा डबा?"

"तोही हाताने." आणखी एक चौकोन गेला.

टाकीवाल्याने डोकं खाजवलं. "काका, बोटीवर तर तुम्ही सगळं आपोआप चालवलंत."

"म्हणूनच सांगतोय."

"मग हे एवढं तरी राहू द्या. टाकी फोनला जोडतो. जगात कुठेही असलात तरी पाणी दिसेल तुम्हाला." चीफने जरा विचार केला आणि दाराजवळ एक छोटा चौकोन काढून त्यात 'फोन' असं लिहिलं.

बायको ट्रे हातातच धरून ऐकत होती. 'हाताने, हाताने' हे ऐकून तिचं डोकं तापत चाललं होतं. हाताने म्हणजे कुणाच्या? इतकी वर्षं घरातला गळका नळ, मुलीचं गणित, सासऱ्यांचं दुखणं, सगळं कुणाच्या हाताने झालं होतं? कंपनीचा फोन येणार, पलंगाखालची बॅग निघणार, आणि वाळू धुवायला मागे कोण राहणार हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"सगळं आपोआप बसवा हो," ती टाकीवाल्याला म्हणाली. "हे निघून जातील. मला या वयात माशाची आई व्हायचं नाही."

चीफ काही बोलणार तोच त्याचा मोबाइल वाजला. नाव बघूनच तिला कळलं. कंपनीचा फोन आला की तो नेहमी गॅलरीत जाऊन बोलायचा. पण गॅलरीची वाट टाकीतून जात होती, आणि स्वतःच्या रेघा त्याच्याने तुडवल्या जाईनात. त्याने गुडघ्यांवर बसूनच फोन घेतला.

"नाही साहेब, या वेळी नाही जमणार... घरी शार्क आहे." पलीकडून पुन्हा विचारलं गेलं. "हो, शार्कच. नाही, आपोआप काही नाही, सगळं हाताने करावं लागतं. एक दिवस चुकला तर पाणी बिघडतं... बायकोला नाही येत. शिकायचीही नाही ती. ठेवतो."

टाकीवाल्याने कोरड्या फरशीकडे पाहिलं.

"कुठंय शार्क?" बायकोने विचारलं.

"येईल की. आधी फिल्टर काही आठवडे चालून पाणी तयार व्हायला हवं."

"मग आत्तापासून त्याला कशाला पुढे केलंत? घरी राहायचंय, एवढं सांगता येत नव्हतं?"

"मागे दोनदा सांगून पाहिलं." चीफ बोटांवरचा खडू पुसत होता. "बायकोजवळ राहायचंय म्हटलं की हसतात, म्हणतात, चीफ, एवढी एकच खेप. आणि मला पुढे 'नाही' म्हणवत नाही. शार्कला कुणी हसत नाही. त्यात माझ्या हाताशिवाय काही चालतच नसलं, म्हणजे मलाही निघता यायचं नाही."

तिला राग यायला हवा होता. इतकी वर्षं त्याला समुद्र सुटत नाही असंच ती समजत आली होती, आणि इथे हा माणूस समुद्राला टाळण्यासाठी हॉलभर रांगत होता. तिला एकदम भरून आलं. तिने ट्रे खाली पंपावर ठेवला आणि मोठा पाइप, वाळू, टाकी सगळं तुडवत ती दाराशी गेली. तिथला छोटा चौकोन तिने टाचेने घासून पुसून टाकला.

"हे नको," ती टाकीवाल्याला म्हणाली. "फोनवर घर पुष्कळ वर्षं बघून झालं ह्यांचं."