वेताळाचा मान

उपासना संपली तरी कोणी उठलं नाही. शमुवेल पाळकांनी पुस्तक मिटलं, दुखरा पाय जरा उचलून धरला आणि म्हणाले, "परवा बोहाड्यात आपल्यातला जो कोणी मुखवटा चढवील, तो या मंडळीतून गेला. मग तो कोणी का असेना."

पुढे बसलेल्या भिकाने जोरात मान डोलावली आणि तिरक्या नजरेने लेकाकडे पाहिलं. लक्ष्या खाली बघत होता.

बोहाड्यात, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या उत्सवात, वेताळाचं सोंग नाचवायचा मान पिढ्यान् पिढ्या भिकाच्या घराचा. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याने मुखवटा पाटलाच्या ओटीवर नेऊन ठेवला आणि मोकळा झाला. जव्हारात राजा होता, मिशनचा गोरा साहेब अधूनमधून वाड्यावर जाऊन बसत होता, तोवर गावात कोणी ब्र काढला नाही. मग संस्थान विलीन झालं, साहेब बोटीत बसून मायदेशी गेला आणि गावाला एकाएकी वेताळाची आठवण झाली. नागली करपली, गुरं मेली. सगळ्याचं खापर मंडळीच्या मूठभर घरांवर फुटलं. त्यांना गावची विहीर बंद झाली.

पाळक जव्हारला चालत जाऊन आले. कचेरी नवी, अधिकारी नवे. "चौकशी करू," म्हणाले. ती चौकशी काही मोखाड्याचा घाट चढली नाही.

बाया ओढ्यातल्या डबक्यावर पाणी भरू लागल्या. त्या पाण्याने माघात भिकाचा नातू गेला. जुलाब थांबेनात, आणि हातापायाच्या काड्या होऊन पोर गेलं. चर्चमागच्या माळावर भिकाने स्वतः खड्डा खणला. कुदळ दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. आता पाळण्यातली चिमी तशीच सुकत चालली होती.

पाटलाने मार्ग सांगितला होता. "एक डाव वेताळ नाचू द्या. तुझ्या घरातला नाय तर तुझ्या मंडळीतला कोनीबी चालंल. माझ्या ओटीवरनं निघाला, देवळाच्या पायरीला लागला, का इहीर तुमची. पन मधी मुखवटा उतरला, तर परत पान्याचं नाव काढायचं नाय."

"नाय जमायचं," भिका म्हणाला होता.

उपासनेहून घरी आल्यावर सून कमू चिमीला मांडीवर घेऊन बसली. "बाबा, हिच्या वठाला पापुद्रं आलं. कायतरी करा."

"एका सकाळचं नाचनं हाय, बाबा," लक्ष्या म्हणाला. "पोर वाचंल."

"नाचायचं व्हतं तर तो जिता व्हता तवा नाचायचं!" भिका ओरडला. "आता नाचलास, तर माझा नातू फुकट मेला म्हनायचा."

अंधारायच्या आत लक्ष्या उठला. "पाळकबाबांकडं वाचाया जातो," म्हणाला. होळीपासून तो रोज जायचा. अक्षर अजून एक लागत नव्हतं, पण पोरगं चिकाटीने जात होतं आणि भिकाला तेवढंच समाधान होतं.

बोहाड्याच्या आदल्या दिवशी भिका पाळकांकडे गेला. ते दारात बसून तळव्यांना तेल चोळत होते. तळवे सोलवटलेले होते.

"वाटंनं लई सोललं वो तुमचं पाय."

"सोलले खरे."

"बाबा, माझा भरोसा नाय पोरावर. त्यो नाचंल."

"लक्ष्या नाचणार नाही. मी शब्द देतो." पाळकांनी वर पाहिलं नाही. साहेबाचा जुना कोट त्यांच्या किडकिडीत अंगावर लोंबत होता. "एक ऐका, भिकाभाऊ. उद्या सकाळी घरीच थांबा. बघायला जाऊ नका."

"जायाचा नाय," भिका म्हणाला.

पण सकाळी उठून बघतो तर लक्ष्याची घोंगडी रिकामी. कमूही नाही, चिमीही नाही. चुलीपाशी हंडा नाही. भिकाला काय ते कळून चुकलं. तो तसाच अनवाणी धावत सुटला.

गावात संबळ घुमत होता. वेताळ पाटलाची ओटी उतरून केव्हाच निघाला होता. मोठा काळा मुखवटा, अंगाला काळं फडकं, खाली काटकुळे पाय. गर्दीपासून लांब, विहिरीच्या काठावर मंडळीच्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांत कमू होती, चिमी तिच्या कडेवर.

भिका नाचणाऱ्याचे पाय बघत राहिला. अर्धी गिरकी, मग टाच आपटून मागे झुकणं. ती चाल त्याच्या घरची होती. बापाने त्याला दिलेली आणि त्याने एकट्या लक्ष्याला शिकवलेली. चुकायला जागाच नव्हती.

नातवाला मातीत ठेवताना आवरलेलं सगळं त्या क्षणी उसळून आलं. आपण एवढं सोसलं ते कोणासाठी? पाळकबाबा बिचारे शब्द देऊन बसले, आणि हा कार्टा त्यांच्या तोंडाला काळं फासतोय. मंडळी बुडवतोय. भिकाने लोकांना कोपराने बाजूला सारलं. वेताळ देवळासमोर आला होता. त्याचे पाय अडखळत होते, जमिनीवर रक्ताचे ठसे उमटत होते.

"पाळकबाबांची तरी लाज धर!" भिकाने दोन्ही हातांनी मुखवटा धरला.

"बाबा, नको!" लक्ष्या ओरडला. आवाज मागून आला, गर्दीतून.

भिकाचे हात थांबले नाहीत. मुखवटा निघाला. संबळ बंद पडला.

घामाने निथळलेल्या चेहऱ्याने शमुवेल पाळक देवळाच्या पायरीकडे बघत होते.

"पोचलोच होतो हो, भिकाभाऊ," ते म्हणाले.