दिघ्यांच्या गोळ्या

सकाळी आठ वाजता मार्तंड दिघे यांनी मोबाइलसमोर गोळ्या तोंडात टाकल्या, वर पेलाभर पाणी प्यायले आणि जीभ बाहेर काढून दाखवली. मोबाइल त्यांच्या मुलीच्या, गंधालीच्या हातात होता.

"बाबा, आ मोठा कर ना. मागच्या वेळी शीतलताई ओरडल्या होत्या."

"आता काय घसा काढून हातात देऊ?"

व्हिडिओ गेला. आरोग्य केंद्रातल्या शीतलचा अंगठा आला. मुलुंडच्या त्या घरातला दिवस असा सुरू व्हायचा.

नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय होता. थुंकीच्या तपासणीत तो निघाला. पूर्वी अशा रुग्णाला दीड-दोन वर्षं औषधं घ्यावी लागत. आता सहा महिन्यांचा नवा उपचार आला होता. त्यातली औषधं दुकानात मिळत नव्हती. केंद्रात नाव नोंदवायचं, शीतलला घरी येऊ द्यायचं, रोज गोळ्या गिळल्याचा व्हिडिओ पाठवायचा, तरच ती मिळत.

गंधालीचं लग्न बोरिवलीच्या सौरभशी ठरलं होतं. तारीख मात्र अडली होती. सौरभची आई फोनवर जयंतीशी, गंधालीच्या आईशी, समजूतदारपणे बोलली.

"वयस्कर माणसाला होतं हो असं. त्यांना बरं होऊ दे, मग मुहूर्त धरू. मुलगी निरोगी आहे ना, आम्हाला बास."

जयंतीने फोन ठेवला.

शीतल अधूनमधून घरी येई. बोलायला फटकळ होती, पण दिघ्यांवर तिचा जीव होता.

"काका, पायाला मुंग्या येतात का? या औषधाने येतात."

दिघ्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "येतात. तळपायाला. संध्याकाळी जास्त."

"मळमळ?"

"सकाळची. चहासुद्धा नकोसा होतो," दिघे म्हणाले आणि समोरचा चहा त्यांनी संपवला.

"रक्त मात्र झकास आहे हां तुमचं. या गोळ्यांनी भल्याभल्यांचं रक्त कमी होतं. ईसीजी तर तरण्या पोरासारखा. काकू, काय खायला घालता यांना?"

जयंती हसली नाही.

एकदा शीतलने पिशवीतून कापूस लावलेली काडी काढली. जिभेवरून फिरवायची आणि तिच्यावरूनच क्षय ओळखायचा, असा अभ्यास सुरू होता. "बेडका काढायची कटकटच नाही. घरातल्या सगळ्यांचं घ्यायचंय." जयंतीने जीभ पुढे केली. गंधाली घरी नव्हती.

"तिने ऑफिसातर्फे करून घेतली तपासणी," जयंती म्हणाली. "काही निघालं नाही."

"रिपोर्ट पाठव म्हणावं तिला."

"सांगते."

शीतलला त्या दिवशी आणखी बरीच घरं करायची होती. रिपोर्टाचं राहून गेलं.

लग्नाची खरेदी हळूहळू सुरू झाली. साड्यांच्या दुकानात गंधाली स्टुलावर बसून राहायची. आई विचारायची, ती मान डोलवायची.

उपचार संपले. शेवटच्या नमुन्याची डबी घेऊन दिघे स्वतः केंद्रात गेले. काही आठवड्यांनी शीतल जिने चढून, धापा टाकत आली.

"काका, सुटलात! एक जंतू नाही."

दिघे तिच्यासमोरच रडले. आतल्या खोलीतूनही रडण्याचा आवाज आला. शीतलने डोळे पुसले. बापावर एवढी माया असलेल्या मुली आता कुठे राहिल्यात, असं ती जयंतीला म्हणाली.

लग्न मुलुंडलाच झालं. सनईच्या आवाजात दिघ्यांचा खोकला कोणाला ऐकू आला नाही.

दोन महिन्यांत त्यांची पँट कमरेवर ठरेना. ताप यायला लागला. थुंकीत रक्त पडलं, तेव्हा शीतलच त्यांना रिक्षात घालून मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तपासणीत तोच क्षय निघाला. तिथल्या डॉक्टर इरावती या आजारावर संशोधनही करत होत्या. त्यांनी पहिल्या नमुन्यातल्या आणि आताच्या जंतूंची जनुकं ताडून पाहिली होती.

"जंतू तोच आहे. घरात दुसऱ्या कोणाला नाही, म्हणजे तुमचाच आजार उलटलाय," त्या म्हणाल्या. "काका, खरं सांगा. गोळ्या चुकवल्या होत्या? मी रागावणार नाही. चुकवल्या असतील, तर तोच सहा महिन्यांचा उपचार पुन्हा देता येईल. पण नीट घेऊनही उलटला असेल, तर त्या औषधांवर माझा भरवसा नाही. मग लांबचा उपचार. दीड वर्ष. तुमच्या या तब्येतीला तो झेपेल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

"मॅडम, काकांनी एकसुद्धा चुकवली नाही," शीतल दुखावून म्हणाली. "सगळे व्हिडिओ मी बघितलेत."

"मी यांना विचारतेय."

"अहो," जयंती म्हणाली. "सांगा ना."

दिघ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला.

"नाही डॉक्टर," दिघे म्हणाले. "एकही गोळी चुकली नाही."

इरावतींनी मान हलवली आणि लांबचा उपचार लिहायला घेतला.

दिघे खोटं बोलले नव्हते. पहिल्या डबीतली थुंकी गंधालीची होती, शेवटच्या डबीतलीही. व्हिडिओत दिघे गिळत त्या कॅल्शियमच्या गोळ्या. क्षयाच्या गोळ्या मोबाइल खाली ठेवल्यावर गंधाली घ्यायची, रोज, एकही न चुकवता.