चालती खुर्ची

"परत," इंजिनिअर म्हणाला.

कारखान्याच्या अंगणात, रणरणत्या उन्हात, कामगार एमिल पायांना स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, बांधून गवतावर उभा राहिला. मागून ट्रक आला. ट्रकच्या बाजूला टांगलेली खुर्ची पोटऱ्यांवर आदळली आणि तो पुन्हा तोंडावर आपटला.

"बर्फाचा डोंगर लोकांना चालत चढता येत नाही का?" तो खेकसला.

"दमतात रे. म्हणून तर तारेवरच्या चालत्या खुर्चीने उचलून न्यायचं."

"आणि मी दमत नाही?"

इंजिनिअरने ट्रकचा वेग आणखी कमी करायला लावला. या खेपेला खुर्चीने एमिलला अलगद उचललं. ट्रक अंगणाला फेरी मारू लागला.

"आता कसं वाटतंय?"

एमिल घोरत होता.

ट्रकवाल्याचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबवू नकोस," खिडकीशी धावत इंजिनिअर कुजबुजला. "असाच चालव."