चमक नसलेली काच

बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये काम करणाऱ्या वहिनीने घरी सांगून टाकलं होतं, मॉनिटर बदलला नाही तर ती नोकरी सोडणार. जुन्या चकचकीत काचेत तिला आपल्या खुर्चीमागे एक माणूस उभा दिसायचा. वळून पाहिलं, तर कोणी नसायचं.

मॉनिटर बसवणारा तिचा दीरच होता. भर दुपारी त्याने जुना काढला, चमक नसलेल्या काचेचा नवा बसवला आणि स्क्रू आवळले.

“बसा वहिनी. यात तुमचं तोंडसुद्धा दिसायचं नाही तुम्हाला.”

“तेवढंच बरं, भाऊजी. तेही काही बघण्यासारखं राहिलेलं नाही.”

ती बसली. पडद्यावर फक्त वाफेच्या दाबाचे आकडे होते. कित्येक महिन्यांनी तिने खुर्चीला निवांत पाठ टेकली.

“सुटले बाई,” ती म्हणाली आणि मनापासून हसली. त्यालाही हायसं वाटलं.

जुना मॉनिटर दोन्ही हातांत धरून तो दाराकडे निघाला. काच त्याच्याच बाजूला होती, त्यामुळे तीत मागची खोली दिसत होती. वहिनी अजून हसत होती. तिच्या खांद्यावरून वाकून एक माणूस नव्या पडद्यात स्वतःला शोधत होता.

मग त्या माणसाने मान वळवली आणि थेट जुन्या काचेत पाहिलं.